विषाचा ताबा

प्रदूषण मंडळाच्या मॅडमच्या हातातलं माती तपासायचं यंत्र हिरवं झालं, तसा केरबाचा जीव भांड्यात पडला. धातूंना मुलामा द्यायचा प्लेटिंगचा कारखाना बंद पडल्यापासून वीस वर्षं तो रसायनं मुरलेल्या या विषारी प्लॉटचा वॉचमन होता. मालकानं पुरुषभर खोल माती उपसून नवी भरली होती. आता इथं मॉल होणार होता.

“माती स्वच्छ आहे, काका. मालक सुटले,” मॅडम म्हणाल्या.

बोलता बोलता यंत्र केरबाच्या गुडघ्यांकडे वळलं आणि लालभडक झालं.

“अच्छा, उरलेलं विष इथं आहे होय! तुमच्या हाडांत. नवा कायदा ठाऊक आहे ना? विष ज्याच्याकडे सापडेल, जबाबदारी त्याची.”

“मी नुसतं हितल्या बोअरचं पाणी पीत हुतो, मॅडम.”

मॅडमनी प्लॉटच्या कुंपणाला बांधलेली धोक्याची पिवळी पट्टी सोडली आणि केरबाभोवती दहा पावलांवर नीट ताणून बांधली.

तेवढ्यात त्याची बायको हौसा भाकरी घेऊन फाटकातून आत आली. वीस वर्षांच्या सवयीनं केरबाचा हात आपोआप वर गेला.

“तिथंच थांब गं. हितनं फुडं कुणाला सोडत न्हाईत.”