शिकवलेली हाक

मावशींनी एप्रनला हात पुसले, पुन्हा एकदा पुसले, पण मुलीला हात लावला नाही. नुसत्या बघत राहिल्या. आधी पायांकडे, मग चेहऱ्याकडे. अनाथाश्रमाच्या लाँड्रीत तीन यंत्रं घरघरत होती आणि ओल्या चादरींची वाफ खिडकीच्या काचांवर साचली होती.

आईला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. विमानात बसल्यापासून तिला एकच भीती होती. ज्या मावशींनी आपल्या लेकीला पहिली तीन वर्षं अंगाखांद्यावर वाढवलं, त्यांनी आता तिला कवेत घेतलं आणि लेक तिथंच विरघळली तर? पण या परक्या देशात एकदा तरी परत येऊन आभार मानायचे, असं तिचंच म्हणणं होतं. शिवणकाम करणारी बाई ती. पाळण्यांची मापं पत्रानं मागवून तिनं चाळीस चादरी शिवून आणल्या होत्या. त्यांचं बोचकं वाहून बाबांचा खांदा पार कामातून गेला होता, आणि विमानतळापासून ते हे दिसेल त्याला ऐकवत होते.

नऊ वर्षांच्या लेकीला घरात सगळे भिंगरी म्हणत. तिला कसलीच काळजी नव्हती. इथली भाषा ती केव्हाच विसरली होती. ती एका यंत्राच्या काचेला नाक लावून आत गरगरणारे मोजे बघत होती.

"विचारा ना त्यांना, लहानपणी कशी होती ही," बाबा दुभाषीबाईंना म्हणाले. या बाई मूळच्या मराठी, लग्नानंतर इथंच राहिलेल्या. दत्तक घेतानाची सगळी पत्रं आणि फोन त्यांनीच निभावले होते.

मावशी जेवढ्यास तेवढं बोलल्या.

"दोन वर्षांची झाली तरी उभी राहत नव्हती म्हणे," दुभाषीबाईंनी सांगितलं. "या रोज तिचे पाय चोळायच्या. आता धावते का, विचारताहेत."

"धावते? अहो, कधी बसते का ते विचारा!"

मावशी पहिल्यांदाच हसल्या. आईला धीर आला. आपल्याकडची सगळ्यात मोलाची गोष्ट यांना द्यावी, असं तिला वाटलं.

"त्यांना सांगा," ती म्हणाली, "आम्ही हिला न्यायला आलो ना, तेव्हा या रजेवर होत्या. त्यांनी काही पाहिलं नाही. ऑफिसचं दार उघडलं आणि ही तुरुतुरु थेट माझ्याकडे आली. हात वर केले आणि म्हणाली, 'आई'. चक्क मराठीत! ना कुणी सांगितलं, ना शिकवलं. पोरीनं मला ओळखलं हो. सहा वर्षं झाली, माप द्यायला येणाऱ्या प्रत्येकीला मी हे सांगते."

दुभाषीबाईंनी चष्मा काढला.

"सांगा ना."

"हे नाही सांगता यायचं मला त्यांना." त्या आईकडे वळल्या. "तुम्हाला कधी कळू द्यायचं नाही, असं त्यांनी बजावलंय. पण तुम्हाला कळायलाच हवं. तुमच्याकडे आईला काय म्हणतात, हे त्यांनीच मला फोन करून विचारलं होतं. तुम्ही पाठवलेला फोटो पाळण्याला चिकटवला आणि दोन महिने, दिवसातून दहादा, त्यावर बोट ठेवून तिच्याकडून म्हणवून घेतलं. आई. आई."

आईनं मावशींकडे पाहिलं.

"तोवर ती यांनाच आई म्हणायची. इथल्या भाषेत. फोटो लावला त्या दिवसापासून यांनी त्या हाकेला ओ देणं सोडलं. पोर पाळण्याचे गज धरून हाका मारायची, आणि या पाठमोऱ्या उभ्या राहून कपड्यांच्या घड्या घालायच्या. नाहीतर ती तुमच्याकडे आली नसती, म्हणाल्या. त्या दिवशीची रजाही मुद्दामच घेतली. नंतर मुलांच्या खोलीतलं कामच सोडलं आणि इथं लाँड्रीत आल्या. पुन्हा एखाद्या लेकराकडे पाठ फिरवणं जमणार नाही म्हणून."

मावशींना यातला शब्दही कळला नव्हता, पण काय चाललंय ते कळलं होतं. त्या दुभाषीबाईंवर डोळे वटारून बघत होत्या.

आई वाट बघत राहिली. आपली गोष्ट गेली, आता दुःख होईल. पण दुःख आलंच नाही. लेकीनं तिला ओळखलं नव्हतं. कुणीतरी काळजावर दगड ठेवून ओळख करून दिली होती, आणि मागे थांबून आभारसुद्धा घेतले नव्हते. बाबा खांदा चोळायचे विसरून खाली बघत होते.

"काय म्हणायची ही त्यांना?" आईनं विचारलं. "तो शब्द मला सांगा."

दुभाषीबाईंनी सांगितला. आईनं तो स्वतःशी दोनदा घोकला. मग लेकीला जवळ बोलावून तिच्या कानात सांगितला.

"म्हणजे काय?" भिंगरीनं विचारलं.

"आई. तू आधी त्यांना म्हणायचीस. आता एकदा म्हण."

भिंगरी विचारात पडली. "आणि तू?"

"मी आहेच की गं. कुठं जातेय?"

यंत्रांचा आवाज मोठा होता, म्हणून भिंगरीनं अंगणात हाक मारतात तशी खणखणीत हाक मारली.

मावशींनी सवयीनं पाठ फिरवली. ढिगातली एक चादर उचलली आणि घडी घालायला घेतली. भिंगरीनं पुन्हा हाक मारली. चादर हातातच राहिली, आणि मावशींनी ओ दिली.