थांबवायचं राहूनच गेलं

"छान. आता थांबवा," परीक्षक बाई म्हणाल्या.

मी सुभान मिस्त्रीकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. वीज साठवायच्या स्पर्धेत आम्ही चुना मळायच्या घाणीचं जुनं दगडी चाक आणलं होतं. सकाळभर मोटरने फिरवलं, मग मोटर काढून डायनामो जोडला. आता नुसत्या त्याच्या फिरण्यावर कॉलेजच्या हॉलमधले दिवे जळत होते. चाक थांबू नये म्हणून आम्ही महिनाभर डोकं चालवलं. थांबवायचं कसं, हे कुणालाच सुचलं नव्हतं.

तेवढ्यात लाकडी चौकटीचा एक बोल्ट उडाला आणि बाईंच्या टेबलात रुतला. समोर शाळेच्या पोरी बसलेल्या. सुभानने चौकटीला पाठ लावली.

"आबा, पोरींना बाहेर काढ. हे सुटलं तर भिंतसुद्धा अडवणार नाही."

"आणि तू?" मी विचारलं.

"मी सरकलो की सुटलंच."

पोरी पळाल्या. बाई मात्र थांबल्या. "यातली वीज संपवा," म्हणत दिसेल ते जोडत सुटल्या. पंखे झाले, इस्त्री झाली, शेवटी कँटीनचा चटणी वाटायचा ग्राइंडर आला. चाक मंदावेना. सुभानचे दात वाजत होते.

कधीतरी घरघर बंद झाली.

"थांबलं का रे?" सुभानने डोळे न उघडताच विचारलं.

"थांबलं."

"पहिला नंबर," बाई पुटपुटल्या आणि मटकन खाली बसल्या.

खोटं वाटत असेल तर त्या कॉलेजात जाऊन जेवा. त्या दिवशीची चटणी पोरं अजून खातायत.