घंटेचा सराव

घंटा कर्कश वाजायला लागली तशी सून ताडकन उठली.

"आई, आगीची घंटा! चला लवकर!"

सासूने हात धरून तिला पुन्हा कापडाच्या गठ्ठ्यावर बसवलं. "बस खाली. ती आपल्यासाठी नाही."

कारखान्याच्या माळ्यावर बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. सगळ्या शर्ट शिवणाऱ्या, पण पटावर एकीचंही नाव नव्हतं. शर्ट घेणाऱ्या परदेशी कंपनीची माणसं तपासणीला आली, की सुपरवायझर या बायकांना माळ्यावर पाठवायचा. पाहुणे गेले की पुन्हा मशिनवर. सगळी अळीमिळी गुपचिळी. कुणी दिसलीच, तर दुसऱ्या दिवसापासून तिने घरी बसायचं. आग लागल्यावर माणसं बाहेर कशी पडतात तेही आज पाहुण्यांना बघायचं होतं, म्हणून ही घंटा.

सासू इतकी वर्षं शर्टाला काजं करत आली होती, की काजवाली हेच तिचं नाव पडलं होतं. सून आजच कामाला लागली होती. तिला चिकटवून घ्यावं म्हणून काजवालीने सुपरवायझरचा उंबरठा किती झिजवला होता! आता दोघींच्या कामावर घर चालायचं होतं.

खाली पटावरची माणसं रांगेने अंगणात निघाली. चपलांचा आवाज वर येत होता. घंटा थांबेना. माळ्यावर मात्र कुणी जागचं हललं नाही. एकीने तर जांभई दिली.

काजवालीने सुनेकडे पाहिलं. पोरगी शहाण्यासारखी गुडघे जवळ घेऊन बसली होती. एकदा सांगितलं आणि शिकली. उद्या खरंच आग लागली, तरी ही अशीच बसेल. सासूने सांगितलं म्हणून.

"ऊठ," ती म्हणाली.

"अहो, पण आत्ता तुम्हीच..."

"ऊठ म्हणते ना!"

दोघी जिना उतरल्या. मागोमाग बाकीच्याही उठल्या. एवढ्या बायका कुठून आल्या म्हणून अंगणात पाहुणे बघतच राहिले. सुपरवायझरचा चेहरा पांढराफटक पडला. दातओठ खात तो जवळ आला.

"काजवाली, डोकं फिरलंय का तुझं? आग कुठे लागली होती? नुसता सराव होता!"

"ठाऊक आहे, साहेब," सुनेचा हात न सोडता ती म्हणाली. "बसून राहायचा सराव आम्ही आजवर केला. हिला तो होऊ देणार नाही."