वॉकीटॉकीवरचा मासा

मासा चार किलोचा होता आणि डेकवर अजून शेपटी आपटत होता. खलाशांचा मुकादम कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत होता. गळ त्यानंच टाकला होता. "पकडला खरा," तो म्हणाला, "पण आता याचं करायचं काय?"

धक्क्यावर जागा मिळत नव्हती, म्हणून मालवाहू जहाज बारा दिवस बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं. आचाऱ्याचं अपेंडिक्स दुखू लागलं, त्याला लाँचमधून किनाऱ्यावर नेलं, त्यालाही सहा दिवस झाले होते. तेव्हापासून सोळा माणसं डब्यातले वाटाणे आणि शिळा ब्रेड खात होती. पोटं रिकामी, डोकी गरम. कप्तान आणि चीफ इंजिनिअर यांची तर एका साध्या पंपावरून अशी जुंपली होती, की दोघं आता एकमेकांना चिठ्ठ्या पाठवत होते.

"मी करतो," मागून आवाज आला.

तो पाना होता. इंजिनरूममध्ये तेलपाणी बघायचा. खिशात सदैव पाना असायचा, म्हणून नाव पाना. वय बेचाळीस. घरी बायको त्याला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत येऊ देत नसे. "तुम्ही आत आलात की माझं काम दुप्पट होतं," असं तिचं म्हणणं.

"बिघडवलास, तर पुढच्या वेळी गळाला तुलाच लावीन," मुकादम म्हणाला. पण मासा त्यानंच खवले काढून, पोट साफ करून दिला.

भटारखान्यात पाना ओव्हनसमोर उकिडवा बसला. तापमानाची चकती, घड्याळ, हवा खेळवणारा पंखा. त्याची भीती निम्मी झाली. हे तर यंत्रच की! यंत्राला काय घाबरायचं? मात्र यंत्रात मासा कसा घालायचा हे कोणीतरी सांगायला हवं होतं. त्यानं वरच्या सुकाणूच्या खोलीतून वॉकीटॉकी मागून आणला आणि बटण दाबलं.

"आसपासच्या कुठल्या जहाजावर आचारी आहे का? मासा भाजायचाय. मला चहासुद्धा येत नाही."

खरखर झाली. मग एक जाड, शांत आवाज आला. "आहे. तुमच्या शेजारच्या हिरव्या जहाजावरून बोलतोय. घाबरायचं काम नाही. आधी ओव्हन दोनशेवर ठेव."

लोखंडी भिंतींमुळे आत नीट ऐकू येत नव्हतं. प्रत्येक सूचनेला पाना धावत दाराबाहेर जायचा, ऐकायचा आणि धावत आत यायचा. बटाटे, गाजरं, कांदे, सगळ्यांचे सारखे तुकडे. तेल, मीठ, मिरपूड. "भाज्या आधी घाल, त्यांना वेळ लागतो. अर्ध्या तासानं मासा त्यांच्यावर ठेव." माशाला दोन्ही अंगांनी तिरप्या चिरा. पोटात लिंबाच्या चकत्या आणि बारीक चिरलेला लसूण.

"चिरू नका हो, ठेचा!" तिसऱ्याच कुठल्यातरी जहाजावरून कोणीतरी ओरडलं.

"मध्ये कोण बोललं?" जाड आवाज म्हणाला. क्षणभर थांबून पुढे म्हणाला, "पण ठेच."

प्रत्येक प्रश्नानंतर तो असाच जरा थांबायचा आणि मग अगदी नेमकं सांगायचा. मुरलेला माणूस दिसतोय, पान्याला वाटलं.

मासा ट्रेमध्ये तिरका करून कसाबसा मावला. पाना काचेला नाक लावून बसला. कातडी ताणली गेली, मग चुरचुरली, मग कडेनं सोनेरी झाली. "आचारीबुवा, रंग येतोय! आलाय रंग!" तो दाराबाहेर जाऊन ओरडला. आतून मुकादमही ओरडला, "वास बघ, वास!" तो कधी येऊन उभा राहिला होता, कोण जाणे. त्याच्यामागे आणखी सहाजण थाळ्या घेऊन उभे होते.

"सुरीचं टोक पाठीच्या जाड भागात घाल. मांस काट्यापासून सहज सुटलं की झालं."

सुरी आत गेली. मांस पांढरंशुभ्र, पाकळ्यांसारखं सुटून आलं.

सगळे जेवायला बसले. चीफ केबिनमधून खाली आला आणि मोकळी जागा कप्तानासमोरच होती, तिथं मुकाट्यानं बसला. दोन घास खाल्ले. मग मान वर न करताच म्हणाला, "लिंबू सरकवा जरा." कप्तानानं लिंबू सरकवलं. पाठोपाठ भाजलेल्या गाजरांची थाळीही सरकवली. मुकादमानं पान्याच्या पाठीवर अशी थाप मारली, की तो टेबलावर आपटायचाच राहिला.

पाना वॉकीटॉकी घेऊन डेकवर पळाला. "आचारीबुवा! फस्त! नुसते काटे उरलेत! कप्तान आणि चीफ बोलायला लागले!"

पलीकडून एक लांब श्वास ऐकू आला.

"सुटलो बाबा," जाड आवाज म्हणाला. आता तो तितकासा शांत नव्हता. "म्हणजे पुस्तकात लिहिलंय ते खरं आहे."

"कुठल्या पुस्तकात?"

"खोटं बोलून लागलोय रे नोकरीला. परवाच चढलो या जहाजावर. दुपारपासून मासा समोर आहे, पुस्तक उघडं आहे, आणि हात धजत नाही. तेवढ्यात तुझी हाक आली. म्हटलं, आधी याचा होऊ दे. आता अठरा माणसं दाराशी उभी आहेत."

पान्याला क्षणभर राग आला. मग इतकं हसू आलं, की त्याला कठड्याला धरून उभं राहावं लागलं. त्यानं डोळे पुसले, समोरच्या हिरव्या जहाजाकडे तोंड केलं आणि बटण दाबलं.

"घाबरायचं काम नाही," तो म्हणाला. "मासा केवढा आहे?"