वाटूर, जागा एक

"वाटूर, जागा एक," लॅपटॉप बोलला आणि सत्यशीलाताईंनी खटकन एंटर दाबलं.

काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. ढिम्म! शिक्षकांच्या बदलीसाठी गाव निवडायची मुदत पाच वाजता संपत होती आणि साडेचार होऊन गेले होते. ताईंना डोळ्यांनी दिसत नाही. सध्याच्या राजूरच्या शाळेत जायचं तर रोज दोन एसट्या, आणि चढवायला-उतरवायला कुणीतरी सोबत. वाटूर मिळालं तर शाळा घरापासून चालत. एकटीनं, कुणाचा हात न धरता!

"देवा, तुझं यंत्र मेलं का काय रे?"

देवानंद, त्यांचा धाकटा भाऊ, चहा तसाच टाकून पळत आला. बदलीचं पान ताईंना वाचून दाखवणारं एक्स्टेन्शन त्यानंच लिहून ब्राउझरला जोडलेलं. त्यानं स्क्रीनकडं पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"ताई, वाटूर कवाच गेलं. कुणीतरी घेतलं."

"मंग हे बोलून कसं राह्यलंय?"

"पानावरून ती ओळ निघून गेली. पण माझ्या कोडनं सुरुवातीलाच सगळ्या ओळी गोळा करून ठेवल्यात. गेलेली बी धरून बसलंय. तू एंटर दाबली की त्या गेलेल्या ओळीचंच बटण दाबतंय."

ताई भडकल्याच. "अरे गाढवा! माझ्या वर्गात सकाळी एकतीस लेकरं. खिचडी खाल्ली की पाच-सहा गुल! म्हणून जेवणानंतर मी पुन्हा हजेरी घेते. सकाळच्याच हजेरीवर राहिले तर रिकाम्या जागेला पाढे विचारत बसेन. तू घेतली का दुसरी हजेरी?"

देवानंद खुर्ची ओढून कीबोर्डवर तुटून पडला. वाचण्याआधी प्रत्येक ओळीला विचारायचं, तू अजून पानावर आहेस का? नसेल तर सोडून द्यायची, आणि यादी पानावरून नव्यानं घ्यायची. हात्तिच्या, चार ओळींचं तर काम!

"झालं बराबर. ऐक आता."

"आष्टी, जागा दोन. तळणी, जागा एक." बस्स. वाटूर नाहीच.

"आता खरं बोलतंय मेलं," ताई म्हणाल्या. आवाज पार उतरला होता.

पुन्हा ऐकलं. तेच. पाचाला सहा मिनिटं कमी. "तळणी घेऊन टाक ना," देवानंद म्हणाला. ताईंनी जोरानं नकाराची मान हलवली आणि यादी पुन्हा लावली.

"आष्टी, जागा एक. तळणी, जागा एक. वाटूर, जागा एक."

ताईंचं बोट एंटरवर थबकलं. "खरंच हाय का रे?"

"हाय ताई, हाय! कुणीतरी निवड बदलली. नवी ओळ आली. दाब, जल्दी!"

खटक.

"आपली निवड नोंदवली आहे," लॅपटॉप अगदी थंडपणे म्हणाला. देवानंदनं अशी आरोळी ठोकली की शेजारच्या दुर्गाबाई पिठाच्या हातानं दारात येऊन उभ्या राहिल्या. ताई हसत होत्या, रडत होत्या, आणि उठून पायानं चपला चाचपत होत्या.

"चल, शाळेत जाऊन येऊ."

"आत्ता? थांब, गाडी काढतो."

"गाडी काय करायची?" ताई म्हणाल्या. "पावलं मोजायचीत मला."