पाणमांजरांशेजारचे ठसे

या बेटावर पाणमांजरं उरलेली नाहीत, असं माझे धाकटे दीर नऊ वर्षं छातीठोकपणे सांगत आले. "वहिनी, तुम्हाला दिसलं ते भटकं कुत्रं हो!" म्हणून माझी टर उडवायचे.

आज ओहोटी लागल्यापासून मी खडकावर दुर्बीण लावून बसले होते. जागची हललेही नव्हते. आणि ती आली! एक मोठं, दोन पिल्लं. वाळूत मनसोक्त लोळली, खेकडा फोडून खाल्ला, परत पाण्यात शिरली. मी फोन करून भाऊजींना बोलावून घेतलं.

भरतीने धुतलेल्या कोऱ्या वाळूवर ठसे ताजे होते. पाच बोटं, मधे पडदा. भाऊजींचा चेहरा बघण्यासारखा झाला.

त्या ठशांच्या शेजारून आणखी एक रांग माझ्या खडकापासून निघून पाण्यात गेली होती. अनवाणी माणसाची. डाव्या पायाला करंगळी नव्हती.

माझ्याही नाही. पण माझ्या पायांत बूट होते, नाड्या सकाळी बांधलेल्या तशाच. आणि परतीची पावलं कुठेच नव्हती.

नसेनात का! नऊ वर्षांनी मी जिंकले होते. "आता तरी पटलं ना, भाऊजी?" मी ओरडूनच विचारलं.

"पटलं, वहिनी," ते हात हलवत म्हणाले. "जिंकलात तुम्ही!"

माझ्याकडे पाठ करून. समुद्राकडे बघत.