बाकी मी बघतो

"काका, तुम्ही एवढा नॉब सांभाळा, बाकी मी बघतो," असं म्हणून कानसेनने ड्रायव्हरकाकांना स्टुलावर बसवलं, तेव्हा कुठे खोलीत शांतता झाली.

तोवर काकांनी नुसता जीव खाल्ला होता. मुलगी आतल्या खोलीत माइकसमोर गात होती आणि हे दारातून सूचना देत होते. अगं, मोकळा आवाज काढ. अगं, घाई नको. दर सूचनेला पोरीचा सूर ढळायचा. जन्मभर बस चालवलेला माणूस दुसऱ्याच्या गाडीत गप्प थोडाच बसणार.

नॉब हाती आला आणि काका बदलले. श्वास रोखून, दोन बोटांनी, मुलीच्या ओळीओळीला ते तो केसभर फिरवत राहिले. पोरगी सुरेख गायली. ती बाहेर आल्यावर काका म्हणाले, "दुसऱ्या कडव्याला मी जरा वर घेतला. कळलं ना?"

"कळलं, बाबा," ती म्हणाली.

तो नॉब कशालाच जोडलेला नव्हता.

कानसेनचा स्टुडिओ म्हणजे घरातलीच एक खोली. तिथल्या लोखंडी रॅकमध्ये आवाजाची यंत्रं एकावर एक स्क्रूने बसवलेली होती. समोरून त्यांची तोंडं दिसत, दिवे दिसत. वायरी मागे, भिंतीकडे. तिकडे कोण डोकावतंय? त्यातलं एक यंत्र केव्हाच मेलं होतं, फक्त त्याचा दिवा लागायचा. लुडबुड करणाऱ्या नातेवाइकांसाठी त्याने ते राखून ठेवलं होतं.

जेवताना त्याने ही गंमत बायकोला रंगवून सांगितली. ती हसली नाही. "माझे बाबा आले तर त्यांनाही हाच देशील?" एवढंच तिने विचारलं.

दोन दिवसांनी काकांचा फोन आला. आवाजात संकोच होता. त्या दिवशी चष्मा खाली पडला म्हणून ते रॅकमागे वाकले होते, तेव्हा त्यांच्या यंत्रामागे विजेची सोडून दुसरी वायरच दिसली नव्हती. सुटली असावी. "बघून घ्या हो. आणखी कुणाचं गाणं बिघडायला नको. आमचं ठीक आहे, पण मग त्यात माझा हात लागलाच नाही का?"

कानसेनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांनी त्याला फैलावर घेतलं असतं तर निभावलं असतं. हा माणूस उलट त्याचीच काळजी करत होता. रविवारी या, आपण पुन्हा करू, असं पुटपुटून त्याने फोन ठेवला. फोन ठेवल्यावरही कानाच्या पाळ्या तापलेल्याच होत्या.

मग त्याला माळ्यावरचं खोकं आठवलं.

ज्यांच्या हाताखाली तो हे काम शिकला ते मास्तर गेल्यावर त्यांच्या पत्नीने, काकूंनी, ते पाठवलं होतं. 'तुझ्याशिवाय हे कुणाच्या कामाचं नाही असं ते म्हणायचे,' असं काकू फोनवर म्हणाल्या होत्या आणि तो लहान मुलासारखा रडला होता. कानसेन हे नावही मास्तरांनीच दिलेलं. तो त्यांच्या स्टुडिओत लागला तेव्हा सारखं काहीतरी सुचवत असायचा. मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात त्याचा कान ओळखला आणि आता त्या खोक्यात असलेलं हे हिरव्या दिव्याचं यंत्र त्याच्या हवाली केलं. "हात इथून हलवायचा नाही. बाकी मी बघतो." नंतरची सगळी वर्षं त्या नॉबवर दुसऱ्या कुणाचा हात पडला नाही. यंत्राच्या पाठीला मास्तरांनी धुळीसाठी कापडी खोळ घातली होती, दुरुस्तीही ते स्वतःच करत. त्या वेळची गाणी आजही कुठे लागली की कानसेन म्हणायचा, "ही ऊब ऐकली? माझ्या हाताची आहे." बायकोला ते वाक्य पाठ झालं होतं.

रविवारी काका मुलीला घेऊन आले. कानसेनने चहाही विचारला नाही. आधी बोलून मोकळा झाला.

"काका, वायर सुटली नव्हती. मी लावलीच नव्हती."

काकांनी मुलीकडे पाहिलं. मुलगी खाली मान घालून ओढणीचं टोक चुरगाळत होती. तिला हे तेव्हाच कळलं होतं, हे आता तिच्या बापालाही कळलं.

"मी गप्प बसावं म्हणून," काका म्हणाले.

"हो."

"मी आख्ख्या आळीला ऐकवलं हो ते. म्हटलं, नॉब माझ्याकडे होता."

कानसेनला मान वर करवेना. आपण एका बापाचा पोरखेळ केला, आणि तोही त्याच्या लेकीसमोर, हे त्याला आता धडधडीत दिसत होतं. चुकलो, असं तो तीनदा म्हणाला. मग त्याने माळ्यावरून खोकं उतरवलं. मनात धरलं होतं त्यापेक्षा ते बरंच हलकं निघालं.

"हे माझ्या गुरूंचं. आजवर याच्या नॉबला माझ्याशिवाय कुणी हात लावलेला नाही. आज तुम्ही लावा."

काका नको नको म्हणत होते, पण त्यांचे डोळे यंत्रावरून हलेनात. कानसेनने ते खोळीसकट रॅकमध्ये सरकवलं, चारी स्क्रू आवळले, प्लग लावला. हिरवा दिवा लागला. काकांनी आधी हात रुमालाला पुसला आणि मग नॉबवर ठेवला. जुन्या गाडीचं स्टिअरिंग धरावं तसा.

"जड आहे जरा," ते म्हणाले.

"खऱ्या यंत्राचा असाच असतो," कानसेन म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याला मोकळं वाटलं.

आता फक्त आवाजाची वायर जोडायची राहिली होती. त्याने रॅक भिंतीपासून ओढला आणि मागे शिरला. काकाही टॉर्च घेऊन शेजारी वाकले, या वेळी स्वतः बघायला. कानसेनने वायर दातात धरली आणि मास्तरांनी मारलेली खोळीची गाठ सोडली.

विजेची तेवढी वायर दिव्याकडे गेली होती. बाकी पत्रा सपाट होता. आवाजाची वायर लावायला तिथे भोकच नव्हतं.